सूर्यभानची काडी

सूर्यभानला गाव ‘डोंगराचा जावई’ म्हणायचं. खरा जावई सासरी मिरवणार नाही इतका हा बाबा डोंगरावर मिरवायचा. जिंतूरपासून दोन कोसांवरचं हे गाव चैत्री पुनवेला झाडून सगळं माथ्यावरच्या झऱ्यापाशी भाकरी खायला जाई, आणि त्याआधी आठ दिवस सूर्यभान विळ्यानं वाटेवरची कुसळी कापी. नाहीतर बायांची लुगडी वर पोचेतो साळिंदरं होत!

शहात्तर साली त्याचा गुडघा धरला. वाकवेना, आणि दुसऱ्याला विळा द्यावा तर मान जातो. म्हणून एका दुपारी सूर्यभाननं एकट्यानंच जाऊन काडी ओढली. वाटेपुरतंच जाळायचं होतं हो. पण वाऱ्याला वाट किती रुंद ते कोण सांगणार? दिवस मावळेपर्यंत पळस, सीताफळी, झऱ्याकाठची सावली, सगळ्याचा कोळसा.

तिसऱ्या दिवशी जंगलखात्याचा नाकेदार पंचनाम्याला आला. पंच कोण? गावानं सूर्यभानलाच पुढं ढकललं. झाड न् झाड त्यालाच ठाऊक! नको म्हणावं तर संशय. गेला बिचारा, चावडीत मांडी घालून बसला.

कागद तयारच होता. मेंढ्या राखणाऱ्या पंडितनं विडी टाकली, म्हणे.

“साहेब, मी त्या दिशी सेलूच्या बाजारात व्हतो,” पंडित हात जोडून म्हणाला.

“सही करा, पंच.”

सूर्यभान कागदावर वाकला. टाक हातात घेतला, खाली ठेवला.

“विडी न्हाई, साहेब. काडी मी लावली. वाट साफ करायला.”

चावडी खदखदून हसली.

“बघा, पंडितला सोडवायला काय करायलाय! लय मोठ्या मनाचा!”

दारातून बायको सरजाबाई ओरडली, “आवं, दुसऱ्याचं पाप डोक्यावर कशाला घ्यायलाव?”

“आगं, खरंच मीच!”

जितकं सांगे तितकी त्याची थोरवी वाढे. नाकेदारसुद्धा हसला. “काका, पुरे आता चांगुलपणा.” त्यानं दुसऱ्या कुणाची तरी सही घेतली आणि पंडितला उठवलं.

पंडित तेवढा हसला नव्हता. तो सूर्यभानकडं नुसता बघत होता.

नाकेदार पंडितला घेऊन एसटीकडं निघाला, तसा सूर्यभान लंगडत मागं चालू लागला. गाडीत चढला आणि पंडितच्या शेजारी अंग चोरून बसला.

“कुठं?” कंडक्टरनं विचारलं.

“ह्याला उतरवतील तितं.”