मार्थामावशींची अडवलेली प्रार्थना

मार्थामावशी गेल्याचा निरोप आला, तेव्हा मी शाळेत हजेरीपुस्तकाचं एक पान दुसऱ्यांदा आखत होतो. पहिल्या वेळी रेघ केसभर वाकडी गेली होती. निरोप्या दारात उभा, आणि मी त्याला म्हणालो, "एवढी ओळ होऊ दे." माझ्याविषयी याहून बरं काही पुढं सापडणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

मावशी आमच्या बेंबळी गावात बाळंतपणं करायच्या. निजामी गेली, कचेरीवरच्या उर्दू पाट्या उतरून मराठी लागल्या, पण मावशींच्या कामात फरक पडला नाही. मशिदीमागच्या घरांपासून पाटलांच्या गल्लीपर्यंत निम्मं गाव त्यांच्या हातावर जन्मलं होतं. आम्हा ख्रिस्ती लोकांची घरं सात-आठ. चर्चचे पाळकसाहेब महिन्यातून एकदा उस्मानाबादहून एसटीनं यायचे. दर बुधवारी दिवेलागणीला कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरायची आणि तिचा पुढारी मी. पुढारी कसला, इन्स्पेक्टरच. गाणं बेसूर झालं की पहिल्या कडव्यापासून पुन्हा. प्रार्थनेच्या तर मी पायऱ्याच ठरवून दिल्या होत्या : आधी स्तुती, मग पापकबुली, मग आभार, आणि मागणं सगळ्यांत शेवटी.

मावशी थेट मागण्यालाच हात घालायच्या. त्या बुधवारी पाळकसाहेब समोर बसलेले, म्हणून मला चेव जास्तच. मावशींनी डोळे मिटले.

"देवा, रहीमभाईच्या सुनेचं पोर आडवं हाय, तवा..."

"आधी स्तुती," मी म्हणालो.

"व्हय. देवा, तू लई थोर हाईस. तर रहीमभाईच्या सुनेचं..."

"मावशी, पापकबुली राहिली. आणि प्रार्थनेत लोकांच्या घरची नावं नकोत."

त्यांनी डोळे उघडले. "नाव न्हाय घेतलं तर त्यानं जायचं कुठल्या घरी, मास्तर?"

सगळे हसले, पाळकसाहेबसुद्धा. मी नाही हसलो. मावशी "आमेन" म्हणाल्या, पदर सारखा केला आणि उठल्या. त्यांना त्या सुनेकडंच जायचं होतं. पोर सुखरूप आलं, माझ्या परवानगीशिवाय.

त्यानंतर दोन वर्षं मावशी दर बुधवारी आल्या, पण पाळी आली की नुसती मान हलवून पुढच्याला खूण करायच्या. मला, खरं सांगतो, बरंच वाटलं... सभा वेळेत संपू लागली. बाकीचेही हळूहळू माझ्याच शब्दांत बोलू लागले, एकासारखा एक. कुणाचं काय दुखतंय ते सभेत कळेनासं झालं. ते सांगायला लोक मावशींच्या घरी जात.

मग माझ्या बायकोला मुदतीचा ताप आला. त्या बुधवारी सभा आमच्याच घरी. "हे परमेश्वरा, तू..." एवढं म्हणालो आणि पुढं शब्द फुटेना. आतल्या खोलीतून तिचं कण्हणं ऐकू येत होतं. मी म्हणालो, "मावशी, तुम्ही करा."

त्यांनी हळूच विचारलं, "पयलं स्तुती घ्यायची न्हवं, मास्तर?"

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर मी सुटलो असतो. माझ्या बायकोच्या जिवाचा प्रश्न होता, आणि आपल्या चुकीनं देवानं ऐकलं नाही तर, याची त्या बाईला खरीच धास्ती वाटत होती. ती धास्ती मी घातलेली.

"कसंही म्हणा, मावशी."

"देवा, मास्तरीणबाईचा ताप उतरव. ह्ये मास्तर एकटं ऱ्हायच्या कामाचं न्हाईत. आमेन."

ताप उतरला. पायऱ्या मी मोडून टाकल्या. बेसूर गाणंही पुढं जाऊ देतो, दात आवळून का होईना. मावशी पुन्हा प्रार्थना करू लागल्या, पण सुरू करण्याआधी एकदा माझ्याकडं बघायच्या. शेवटपर्यंत. त्यांची माफी मागायची होती, ती मात्र मला नीट मागायची होती, चांगल्या शब्दांत. ते शब्द जुळवण्यात चार वर्षं गेली... आणि मावशी गेल्या.

गेल्या बुधवारी सभा त्यांच्या ओसरीत भरली. त्या टेकून बसायच्या त्या खांबापाशी कुणी बसलं नाही. माझी पाळी आली. "देवा, मार्थामावशीला सांग..." एवढंच म्हणालो. वाक्य तिथंच राहिलं. कुणी दुरुस्त केलं नाही.