घोट्याशी ठोकलेल्या खुंट्या

ती केस मी विसरलेले नाही. सरकारी कागदांत माझं नाव कुठेच नाही, म्हणून तर मुळीच नाही.

सन तीसनंतरची गोष्ट. रत्नागिरीच्या ठाण्यात मी बायकांची झडती घेण्याच्या कामावर होते. हुद्दा लहान, पण बाईच्या अंगाला हात लावायचा तर फौजदारांनाही माझ्यासाठी थांबावं लागे.

एका सकाळी एक गृहस्थ फिर्याद घेऊन आले. घर वडिलांनी बांधलेलं, त्यातली पश्चिमेची खोली मरण्यापूर्वी त्यांना लिहून दिलेली. विधवा भावजय कुलूप तोडून तिथे शिरली आणि तो कागद तिने अंगावर लपवला, असं त्यांचं म्हणणं.

फौजदार, मी आणि दोन पंच असे आम्ही गेलो. जांभ्या चिऱ्याचं घर. पुढे ओटी, मध्ये माजघर, त्याला लागून ती खोली. भावजय खोलीच्या उंबऱ्यावर बसली होती. नवरा बोटीवर खलाशी, समुद्रावरच वारला. सासऱ्यांच्या पश्चात खोली त्यानेच बांधली, दिराने घातलेलं कुलूप आपण दगडाने फोडलं, हे तिने स्वतःहून सांगितलं. फौजदारांनी तिला बाहेर व्हायला सांगितलं.

"झडती घ्या, बेड्या घाला. मी हितनं उठायची नाय."

त्याच खोलीत आत नेऊन मी झडती घेतली. कागद नव्हता. ती लुगडं सावरत होती तेवढ्यात माझं लक्ष माजघराकडच्या भिंतीवर गेलं. लाकडी खुंट्यांची एक रांग डोक्याच्या वर, दुसरी घोट्याशी. अशाच खुंट्यांना मी दर मे महिन्यात माझ्या घरी नारळाच्या झावळ्यांची झापं बांधते, नाहीतर पश्चिमेचा पाऊस भिंत खाऊन टाकतो. पण झापं बाहेरून बांधतात. म्हणजे ही भिंत एके काळी बाहेरची होती. खोली मागाहून जोडलेली.

मी फौजदारांना तसं सांगितलं. ते देशावरचे, त्यांना झापं ठाऊक नव्हती. म्हणाले, "बाई, तुमचं काम झालं. बाहेर थांबा." मी थांबले नाही. पंचांना आत बोलावून खुंट्या दाखवल्या.

खोली पहिल्यापासूनची आहे, फिर्यादी ठाम होते. मग खुंट्या कशाला, मी विचारलं. कपडे टांगायला, ते म्हणाले.

"घोट्याशी कुणाचे कपडे टांगता, भावजी? कोंबड्यांचे?" भावजय म्हणाली.

पंच हसले, आणि तिथेच फिर्यादी ढिले पडले. दोन्ही पंच शेजारचे. खोली बांधताना त्यांनी पाहिली होती, पण भाऊबंदकीत कशाला पडा म्हणून गप्प होते. फौजदारांनी आता थेट विचारलं, वडील वारले तेव्हा ही खोली होती का? एक पंच खाली बघत "नव्हती" म्हणाला. मग फिर्यादींनी कबूल केलं की असा कागद कधी नव्हताच.

भावजय तिच्या खोलीत राहिली. पंचनाम्यात शेवटी लिहिलं आहे, 'चौकशीअंती निष्पन्न झाले.' नोकरीत मी एवढंच शिकले की आपोआप काही निष्पन्न होत नाही. दिसलेलं कुणाला तरी बोलावं लागतं, आणि बाहेर थांबा म्हटल्यावर पुन्हा बोलावं लागतं. त्या दिवशी मी बोलले. तिथे लिहिलं गेलं नाही, म्हणून इथे लिहिते.