आईचं रडणं

नवरा गेला तेव्हा आर्णीजवळच्या तांड्यावरून माझी याडी, म्हणजे आई, आली. आमच्या बंजाऱ्यांच्या रीतीप्रमाणे ती माझ्या गळ्यात पडून सुरात रडली आणि रडता रडता देवाला जाब विचारू लागली. आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या पाळकांनी तिला थांबवलं. म्हणाले, "विश्वासणारे असे रडत नसतात. देवाचे आभार माना." परक्या घरी आल्यासारखी याडी कोपऱ्यात चूप बसली. तो राग महिनाभर माझ्या डोक्यातून उतरला नाही. प्रार्थनेला जाणंच मी सोडलं.

एक दिवस चिडूनच बायबल उघडलं. स्तोत्रांमध्ये एक माणूस अगदी याडीसारखाच देवाला जाब विचारत होता. त्याला कुणी चूप केलं नव्हतं. उलट त्याचं रडणं पवित्र म्हणून जपून ठेवलं होतं.

रविवारी चर्चमध्ये मी बायबल वाचनाची पाळी मागून घेतली आणि ते स्तोत्र याडीच्या सुरात, रडत, शेवटपर्यंत वाचलं. मग पाळकांना म्हटलं, "आता याले चूप करा."



घरी येऊन महिन्याभरानं पहिल्यांदा प्रार्थना केली. राग गेला नव्हता. देवाला म्हटलं, "तू आयकतं हे मले समजलं. आता सगळं आयकाच लागन."