तात्यांचा हातपंप मी आज लाल रंगवला

मी इथं सहसा लिहीत नाही. पण आज जे झालं ते कुणाला तरी सांगावंसं वाटतंय.

माझे वडील, आमचे तात्या, जाऊन महिना झाला. आज आमच्या गावात, झरीत, घरोघरी पाण्याची तपासणी होती. आमच्या दारातल्या हातपंपाचं पाणी नळीत घेऊन आरोग्यसेविकेने औषध टाकलं. गुलाबी रंग बघता बघता पिवळा झाला.

"फ्लोराइड लय हाय दादा. वर्षानुवर्षं पिलं की हाडं वाकतात. पिण्याला बंद करा," ती म्हणाली.

विद्यापीठाच्या नामांतराच्या दंगलींच्या दिवसांत गावाने शेजारच्या दलित वस्तीला विहिरीवर येऊ दिलं नाही. तेव्हा तात्यांनी हा पंप त्यांना खुला केला. त्या वस्तीत नवी सून आली की पहिली घागर आजही इथूनच जाते.

तेवढ्यात त्या वस्तीतल्या गयाबाई घागर घेऊन आल्या, कमरेत पार वाकलेल्या. मी त्यांना सगळं सांगितलं.

"तुमी शिकलेले लोक, उद्या उन्हात बी खोट काढाल," त्या हसल्या. मग हळूच म्हणाल्या, "तवा कुणी थेंब देत न्हवतं बाबा. तात्यानं दिलं. त्याला खराब म्हणू नको."

घागर भरून त्या गेल्या.

कुणी पिऊ नये म्हणून दुपारी मी पंपाला लाल रंग दिला. संध्याकाळी पाहिलं, तर दांड्याच्या ओल्या रंगावर बोटं उमटली होती आणि खाली पाणी सांडलेलं होतं.

तात्यांचा मान ठेवून ही घागर कशी थांबवू? तुम्ही काय केलं असतं?