पाण्याखालच्या घरांचा खेळ

माझी आत्या शिनोलीला आमच्याकडे राहायला आली, तेव्हा मी सातवीत होते. तिचं सासर घोड नदीच्या वरच्या अंगाला होतं. नवरा आधीच आजारपणात गेलेला. पुढे धरणाचं पाणी चढत गेलं आणि गाव हललं. तिची म्हातारी सासू नव्या जागी महिनाभरच जगली. मग माझ्या वडिलांनी बहिणीला घरी आणलं. ती घरातलं सगळं काम करायची, पण बोलायची अगदी मोजकं.

त्याच वर्षी पुण्यात नोकरीला असलेल्या माझ्या चुलत्यांनी टीव्हीला जोडायचा गेम आणला. सोबत एकच कॅसेट होती. इतरांच्या गेममध्ये गाड्या पळत, बंदुका उडत. आमच्या या खेळात एक वाकलेली लहानशी आकृती होती, डोक्यावर गाठोडं, चेहरा नाही. पडद्यावर एक रिकामं घर दिसायचं आणि खालून पाणी चढू लागायचं. दगड, पेट्या ढकलायच्या, त्यांच्या पायऱ्या करायच्या, योग्य ती दारं उघडायची आणि पाणी डोक्यावरून जायच्या आत कौलांतून बाहेर पडायचं. चुकलं की पडदा काळा होई आणि आपण पुन्हा त्याच घरात उभे. संगीत नव्हतं. फक्त पाण्याचा आवाज.

मी तिसऱ्या घरात अडकले होते. दुपारची वेळ, आई शेतावर. आत्या मागे लसूण सोलत बसली होती.

"पाणी कुठनं येतंय ते आदी बघ," ती म्हणाली. "दगडाचं मागनं बघू."

मी रिमोट तिच्या हातात दिला. तिने हात पदराला पुसले आणि बराच वेळ काहीच केलं नाही, नुसती बघत राहिली. पाणी आकृतीच्या गुडघ्यापर्यंत आलं तेव्हा कुठे तिने पहिली पेटी ढकलली. त्या एका दमात ती बाहेर पडली. मग रोज दुपारी, लाईट असेल तेव्हा, आम्ही दोघी खेळू लागलो. दोन महिन्यांत आत्याने शेवटचं घर गाठलं. तिच्या तोंडून एवढे शब्द मी एरवी कधी ऐकले नव्हते. सगळे खेळातलेच: "हिकडं दार असंल." "ह्या भिंतीचा भरवसा न्हाई."

मी बारावीला असताना या खेळाचा दुसरा भाग आला. चुलत्यांनी मुद्दाम शोधून आणला. आम्ही उत्सुकतेने लावला, तर पडद्यावर ऊन, फळांची झाडं, टाळ्यांसारखं वाजणारं संगीत. पाणी निळंशार होतं आणि आकृतीला आता पोहता येत होतं. डोक्यावरचं गाठोडं गेलं होतं, चेहरा आला होता, आणि तो सतत हसत होता. आत्याने दहा मिनिटं खेळून रिमोट खाली ठेवला.

"ह्यात पाण्याची भीतीच न्हाई," ती म्हणाली आणि उठून गेली. पुन्हा काही त्याला तिने हात लावला नाही.

पुढे मी घोडेगावला एका कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवायला लागले. घरी जुना कॉम्प्युटर घेतला. एकदा एका मासिकात वाचलं, की त्या खेळाचा तिसरा भाग निघालाय आणि तो पहिल्याच्या वळणावर परत गेलाय. ओळखीच्या एकाकडून सीडी मागवली.

खरंच परत गेला होता. तोच अंधार, तीच बिनचेहऱ्याची आकृती, गाठोडं, पाण्याचा आवाज. एकच गोष्ट नवी होती. आता चक्र फिरवून पाणी खाली उतरवता यायचं, आणि बुडालेली घरं एकेक करून वर यायची. कुठे काय होतं ते आठवून वाट काढायची. आत्याला आता चष्मा लागला होता. तिला बाणांची बटणं दाखवली आणि मी शेजारी बसले.

चौथ्या घरात चक्रच दिसेना. आत्या सरळ कोऱ्या भिंतीकडे गेली, ढकललं, भिंत सरकली.

"तुला कसं कळलं?"

"घराला मागलं दार असतंच की."

नवव्या घरात मात्र तिचा हात थांबला. पाणी उतरल्यावर तिथे आणखी एक आकृती दिसत होती. तशीच वाकलेली, गाठोडंवाली, आपल्याकडे पाठ करून उभी. आपण जवळ गेलो की ती पुढच्या घरात जायची. आत्या तीन घरं तिच्या मागे गेली. मग तिने चष्मा काढला.

"औंदा पाणी उतरलं की मला तिकडं घेऊन चल," ती म्हणाली. आपण कुठल्या पाण्याबद्दल बोलतोय, हे मी विचारलं नाही.

मे महिन्यात गेलो. सकाळी दहाची वेळ, ऊन लख्ख. धरणाचं पाणी लांबवर मागे हटलं होतं आणि भेगाळलेल्या गाळातून घरांची जोती वर आली होती. झाड नाही, पक्षी नाही. आत्या खाली न बघता चालत होती. मोकळ्या गाळात ती मध्येच उजवीकडे वळायची, मध्येच अंग चोरून पुढे जायची, जणू दोन्ही बाजूंना भिंती होत्या. एका जोत्यापाशी ती थांबली. माझं लक्ष गाळाकडे गेलं. ओल्या काठापासून जोत्यापर्यंत अनवाणी पावलं उमटली होती. लहान पावलं, अंगठा बाहेर फाकलेला. परत गेलेली पावलं मी चारी बाजूंनी शोधली. नव्हती.

आत्याने ती पाहिली. त्यांच्यावर पाय न देता, शेजारून चालत ती आत गेली आणि काळ्या पडलेल्या तीन दगडांपुढे बसली.

"निघायच्या दिशी सासूनं चूल पेटवली व्हती," ती म्हणाली. "घर थंड टाकून जाऊ न्हाई म्हणली. आमी टेंपोत बसलो, तर गाठोडं ऱ्हायलंय म्हणून माघारी गेली. लई वेळ लावला. आली ती मोकळ्या हातानं. तवापास्नं एक शबुद बोलली न्हाई." तिने दगडावरची माती बोटाने पुसली. "आली खरी. पन मला वाटतं, ती आलीच न्हाई."

परत येताना काठावर जाळं सुकवणारा एक माणूस भेटला. आज तिकडे कोणी उतरलं होतं का, मी विचारलं.

"न्हाई, ताई. मी उजाडल्यापास्नं हितंच हाय."

त्या दिवसापासून आत्या बोलू लागली. लग्नाबद्दल, सासूच्या हातच्या नाचणीच्या भाकरीबद्दल, अगदी शेजारणींशीसुद्धा. आम्ही सगळे चकित झालो. पंधरा दिवसांनी मी क्लासहून आले, तर कॉम्प्युटर बंद होता आणि ती ओट्यावर तांदूळ निवडत होती. खेळ संपवला, म्हणाली.

"शेवटी काय झालं?"

"ती थांबली. वळली."

"मग?"

"मग म्या बटण बंद केलं."

आत्याला जाऊन आता बरीच वर्षं झाली. सीडी माझ्याकडे आहे. शेवटचं घर मी अजून उघडलेलं नाही.