चौथा खांदा

समस्त जनतेस कळविण्यात येते की, कोकणातल्या एका वाडीची शिरगणती मी, एक प्राथमिक शिक्षक, एका चहात उरकली. बहुतेक दारांना कुलूप होते, आणि कुलपाला वय विचारता येत नाही.

माणसांची संख्या जन्म, मृत्यू आणि स्थलांतर यांनी बदलते, असे प्रशिक्षणात शिकवले होते. इथला पाळणा केव्हाच माळ्यावर गेला आहे. स्थलांतर होते ते सकाळच्या एसटीने, मुंबईकडे. राहिला मृत्यू, तो मात्र नेमाने घरी येतो.

"वाडीत पुरुष किती?" मी विचारले.

"चालते-फिरते तिघे," सत्तरीचे तात्या म्हणाले, "आणि आत खाटेवर आमचे दादा. त्यांचे आता थोडेच दिवस."

मी आकडा लिहीत होतो, तेव्हा तात्या उठले आणि माझ्या खांद्याला खांदा लावून उभे राहिले. तिरडी कलू नये म्हणून इकडे खांदेकरी उंचीने जुळवतात, आणि तिघांना तिरडी उचलता येत नाही. मोजायला आलो होतो, आणि स्वतःच मापात सापडलो.

उघड्या दारातून हे सारे पाहणारे दादा खाटेवरून म्हणाले, "मास्तर बुटके आहेत रे. त्यांना पायाकडे घ्या."