साडेबाराची घंटा

कुठल्याही कचेरीत शिरलो की माझी नजर आधी भिंतीवर जाते. आगीच्या घंटेची लाल पेटी कुठे आहे, काच शाबूत आहे का, जिना किती लांब आहे. मुलुंडच्या एका दवाखान्यात त्या पेटीवर गणपतीचं कॅलेंडर लटकवलेलं होतं. घाटकोपरला एका कचेरीत काचेआड उदबत्तीचा पुडा ठेवला होता. बोरिवलीत एका ठिकाणी तर पेटीला कुलूप; किल्ली साहेबांकडे आणि साहेब रजेवर. "आग लागली तर?" मी शिपायाला विचारलं. "तुम्ही फॉर्म भरायला आलात ना? मग तो भरा ना," तो म्हणाला. एरवी मी त्याला झाडला असता. पण त्या दिवसांत मला राग येत नसे. काहीच येत नसे.

त्याआधी मी चारकोपच्या बाजूला प्लास्टिकच्या डब्यांच्या एका कारखान्यात सुपरवायझर होतो. खाली मशिनं, वर पॅकिंगच्या बायका. एकदा जेवणाच्या सुट्टीची घंटा जळाली. मालक म्हणाला, "बघू." त्याचं 'बघू' आम्हाला चांगलं ठाऊक होतं. मग मीच डोकं चालवलं. आगीची घंटा नवीकोरी होती, तपासणीवाल्यांना दाखवण्यापुरती बसवलेली. मी पेटीची काच काढून ठेवली आणि रोज साडेबाराला तेच बटण दाबायला लागलो. आवाज अख्ख्या गल्लीत जाई. "झकास काम केलंस यार," सगळे म्हणाले. मालकाने पाठ थोपटली. मीही हुरळलो.

पॅकिंगला एक मावशी होत्या. मूळच्या मालवणकडच्या, संपात नवऱ्याची गिरणी सुटल्यावर दहिसरहून कामाला येऊ लागलेल्या. मी तेव्हा एकटा राहायचो. खाणावळीचं जेवण मला जात नाही हे कळल्यापासून त्या माझ्यासाठी एक भाकरी जास्तीची आणत. घंटा झाली की जिन्याच्या तोंडाशी येऊन हाक मारत, "झिला, जेवूक ये रे."

त्या दिवशी नुकते कुठे बारा वाजून गेले होते. खाली थिनरच्या डब्यांनी पेट घेतला. मी धावत जाऊन बटण दाबलं आणि खालच्या लोकांबरोबर बाहेर पळालो. आता वरच्या बायका उतरतील म्हणून रस्त्यावर उभा राहून जिन्याकडे बघत होतो. कुणी उतरेना. त्या वर हात धुऊन डबे सोडत होत्या. हे माझ्या डोक्यात येईपर्यंत जिन्यात धूर भरला होता. मी ओरडलो, पण घंटेपुढे माझा आवाज पोचेना.

मग बायका तोंडाला पदर लावून खोकत खोकत उतरल्या. मावशी उतरल्या नाहीत.

चौकशीला आलेल्यांनी मला विचारलं, अलार्म वाजवला होता का? मी हो म्हटलं. त्यांनी तसं लिहून घेतलं. जेवणाच्या घंटेचं त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पॅकिंगच्या बायकाही गप्प राहिल्या. पुढे त्यांच्यातली एक मला बोरिवलीच्या बसस्टॉपवर भेटली. घंटा झाली तेव्हा मावशी काय म्हणाल्या, ते तिने मी न विचारताच सांगितलं. "आज लवकर झाली. बरां झालां, झिलाक भूक लागली आसतली." माझी बस आली आणि मी चढलो. रडू येईल असं वाटलं होतं, तेही आलं नाही.

लग्न झाल्यावर बायको मला पार्ल्याला नाटकाला घेऊन गेली. तिसरी घंटा झाली, दिवे मंदावले, लोक आपापल्या जागी बसले आणि मी उठून उभा राहिलो. मागून कुणीतरी "ओ, बसा ना" म्हणून खेकसलं. बायकोने हात धरून खाली बसवलं.

घरी येताना तिने विचारलं, "असे एकदम उठलात का हो?"

"भूक लागली होती," मी म्हणालो.

ते खोटं नव्हतं. घंटा ऐकली की मला अजूनही भूक लागते.